कोण जास्त मरते, हे कळल्यावर

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या काही शहरांनी आणि राज्यांनी कोरोनाच्या मृतांची वंशवार आकडेवारी जाहीर करायला सुरुवात केली. शिकागोच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास, पण तिथल्या सुरुवातीच्या मृतांमध्ये त्यांचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात निघाला. लुइझियाना राज्यात ते लोकसंख्येच्या साधारण एक तृतीयांश आणि मृतांमध्ये पुन्हा ७० टक्के. मिशिगनमध्ये लोकसंख्येत १४, मृतांमध्ये ४०. विषाणू माणसामाणसांत भेद करत नाही असे त्याआधीचे काही आठवडे जगभरचे पुढारी सांगत होते, त्या विधानातला पोकळपणा या आकड्यांनी उघड केला. हे आकडेही सुखासुखी हाती आले नव्हते. मार्चच्या अखेरीस एलिझाबेथ वॉरन, कमला हॅरिस, आयाना प्रेस्ली यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींना केंद्रीय आरोग्य खात्याकडे पत्र पाठवून वंशवार नोंदी मागाव्या लागल्या. ‘कोविड ट्रॅकिंग प्रोजेक्ट’च्या स्वयंसेवकांनी राज्याराज्यांच्या संकेतस्थळांवरून एकेक आकडा वेचला. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ला रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणजे सीडीसीच्या दप्तरातला तपशील मिळवण्यासाठी कोर्टात जावे लागले आणि देशभराचे चित्र जुलै उजाडल्यावर छापून आले. एवढे सायास झाल्यावर सामान्य अमेरिकन नागरिकाला ही विषमता कळली. ती कळल्यावर तो कसा वागला, हे पाहण्याची गरज मात्र फार थोड्यांना वाटली.

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात एक समजूत खोलवर रुजलेली आहे. माहिती पोचली की मने बदलतील, मने बदलली की धोरण बदलेल, ही ती समजूत. अमेरिकेत तिच्यावर बरीच वर्षे विसंबून काम झाले. १९८५ साली तिथल्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या कारकिर्दीत निघालेल्या सरकारी अहवालाने सांगितले होते की, अल्पसंख्य वंशांचे मृत्यू गोऱ्यांच्या प्रमाणात झाले असते तर दर वर्षी सुमारे ६० हजार माणसे वाचली असती. त्यानंतर समित्या बसल्या, मोहिमा निघाल्या, वैद्यकीय नियतकालिके भरली. तरीही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांच्या आरोग्यात अशी तफावत आहे याची जाण असलेल्या अमेरिकनांचे प्रमाण १९९९ मध्ये ५५ टक्के होते, ते २०१० मध्ये ५९ टक्क्यांपर्यंतच पोचले. जे अकरा वर्षांच्या प्रचाराने साधले नाही ते २०२० च्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांनी साधले, असे म्हणता येईल. पण जॉर्जिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन स्किनर-डॉर्कनू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘सोशल सायन्स अँड मेडिसिन’ या नियतकालिकात जे मांडले, ते वाचून या समाधानाला तडा जातो. ज्या गोऱ्या नागरिकांना ही वांशिक तफावत मोठी आहे असे वाटत होते, त्यांना कोरोनाची भीती कमी वाटत होती आणि प्रतिबंधक उपायांना त्यांचा पाठिंबाही कमी होता. दुसऱ्या पाहणीत काहींना या तफावतीमागची जुनी सामाजिक कारणे वाचायला दिली. त्यांचीही भीती कमी झाली, आणि ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्याबद्दलची सहानुभूतीसुद्धा घटली.

हा निष्कर्ष पचायला जड आहे. पण त्यावरून ‘मग आकडे सांगूच नका’ असे म्हणणारे जितके चुकतात, तितकेच ‘आणखी मोठ्याने सांगा’ म्हणणारेही चुकतात असे मला वाटते. दया उपजावी म्हणून दिलेली माहिती भरवशाची नाही, हे या संशोधनातून दिसते. हीच माहिती हिशेब मागण्यासाठी वापरली, म्हणजे अमुक माणूस अमुक टप्प्यावर का मेला आणि तो टप्पा कोणाच्या अखत्यारीत होता असे विचारण्यासाठी वापरली, तेव्हा तिने काम केले आहे. कोरोनाच्या काळातच त्याचे दाखले सापडतात.

नुसता आकडा आपोआप बोलत नाही, ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असलेल्या गोष्टीत तो जाऊन बसतो. १७९३ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली आणि शहरातली साधारण दहातली एक व्यक्ती दगावली. नामवंत डॉक्टर बेंजामिन रश यांचा समज होता की कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही. त्यांच्या आवाहनावरून अ‍ॅब्सलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन या दोन कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी आपल्या लोकांना रुग्णसेवेला आणि प्रेते उचलायला उभे केले. तेही तापाने मरू लागले. साथ ओसरल्यावर एका प्रकाशकाने त्यांच्यावर लुबाडणुकीचा आरोप छापला, तेव्हा १७९४ मध्ये जोन्स आणि अ‍ॅलन यांना स्वतःची पुस्तिका काढून झाल्या गोष्टींचा तपशील मांडावा लागला. शंभर वर्षांनी गोष्टीने कूस बदलली. १८९६ मध्ये फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने कृष्णवर्णीयांच्या जास्त मृत्युदराचे आकडे घेऊन हा वंशच दुबळा आहे असा निकाल दिला. तीनच वर्षांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघर अभ्यास करून दाखवले की मृत्युदर वाढतो तो दाटीवाटीची घरे, अपुरे अन्न आणि हलकी कामे यांमुळे. दोघांपुढची वस्तुस्थिती एकाच जातीची होती, निष्कर्ष मात्र दोन टोकांना गेले. २०२० मध्ये हे सगळे काही आठवड्यांत पुन्हा घडले. आधी कृष्णवर्णीयांना कोरोना होत नाही अशी अफवा पसरली. मग आकडे आल्यावर चर्चा त्यांच्या मधुमेहाकडे, रक्तदाबाकडे आणि सवयींकडे वळली. देशाचे तेव्हाचे सर्जन जनरल जेरोम अ‍ॅडम्स, जे स्वतः कृष्णवर्णीय आहेत, त्यांनी एप्रिलमधल्या एका पत्रकार परिषदेत या समाजांना दारू, तंबाखू आणि मादक पदार्थ टाळण्याचा सल्ला दिला. हे लोक जन्मजात दुबळे नाहीत, सामाजिक परिस्थितीमुळे धोक्यात आहेत, असेही ते तिथेच म्हणाले होते. वाद मात्र पेटला तो सल्ल्यावरून, आणि परिस्थितीबद्दलचे वाक्य मागे पडले.

मृत्यूतला हा फरक नेमका कुठे तयार झाला, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला लुइझियानातल्या ऑक्स्नर हेल्थ या रुग्णालयसमूहाच्या २०२० मधल्या अभ्यासात दिसते. या समूहाच्या एकूण रुग्णांपैकी ३१ टक्के कृष्णवर्णीय. कोरोनासाठी दाखल झालेल्यांपैकी ७६.९ टक्के कृष्णवर्णीय आणि रुग्णालयात मेलेल्यांपैकी ७०.६ टक्के. पण दाखल झाल्यानंतर वय, आजाराची तीव्रता वगैरे बाबी जमेस धरल्या तर कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्या रुग्णांपेक्षा जास्त मरत नव्हते. म्हणजे या रुग्णालयांपुरते तरी, एकाच छपराखाली एकाच आजाराशी झुंजणाऱ्या दोन शरीरांत वंशाने फरक पडला नाही. फरक पडला तो दारापर्यंत पोचणाऱ्यांच्या संख्येत, आणि ती संख्या रुग्णालयाबाहेर ठरत होती. साथीआधीच्या सरकारी पाहणीनुसार घरून काम करू शकणाऱ्या कामगारांचे प्रमाण गोऱ्यांत सुमारे ३० टक्के, कृष्णवर्णीयांत २० टक्क्यांहून किंचित कमी आणि हिस्पॅनिकांत १६ टक्के होते. बस चालवणे, मांस कारखान्यात पट्ट्यावर उभे राहणे, वृद्धाश्रमात अंग पुसणे, दुकानात गल्ल्यावर बसणे ही कामे संगणकावरून होत नाहीत. मूळ अमेरिकी रहिवाशांच्या नवाहो नेशनमध्ये मे २०२० मध्ये लागणीचा दर न्यू यॉर्क राज्याच्याही वर गेला. तिथल्या साधारण एक तृतीयांश घरांत नळाचे पाणी नव्हते. वीस सेकंद हात धुवा हा सल्ला त्या घरांत कसा पाळायचा? युद्धग्रस्त आणि गरीब देशांत जाणाऱ्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेला तेव्हा जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात पथक पाठवावे लागले.

तरीही शरीरातच काही वेगळे असेल, ही शंका प्रामाणिकपणे घेणारे लोक आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. अमेरिकेचे सरासरी आयुर्मान २०१९ ते २०२० या एका वर्षात ७८.८ वरून ७७ वर आले. गोऱ्यांचे १.४ वर्षांनी घटले, कृष्णवर्णीयांचे ३.३ वर्षांनी आणि हिस्पॅनिकांचे तब्बल ४ वर्षांनी. त्यातही हिस्पॅनिकांचे आयुर्मान साथीआधी गोऱ्यांपेक्षा तीन वर्षांनी जास्त होते, म्हणजे त्यांना मुळातच दुबळे ठरवण्याची सोय नाही. त्याहून बोलका पुरावा पुढे आला. २०२१ च्या अखेरीनंतर काही काळ असा आला की, वयाचा फरक जमेस धरूनही गोऱ्यांचा कोरोना-मृत्युदर कृष्णवर्णीयांच्या बरोबरीला आणि कधी त्याच्याही वर गेला. लशी आल्या होत्या, त्या कोण घेतो हे राजकीय निष्ठेवर ठरू लागले होते, आणि साथ गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या ग्रामीण भागांत शिरली होती. दोन वर्षांत कोणाची गुणसूत्रे बदलत नाहीत. शिवाय हा आजार आपला नाही, त्यांचा आहे, असे वाटण्याची किंमत शेवटी ते मानणाऱ्यालाही मोजावी लागते, हेही त्या महिन्यांत दिसले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हा सारा प्रश्न गरिबीचा आहे, त्यात वंश कशाला आणता, असे अनेक समंजस लोक विचारतात. गरिबीचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. पण ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मे २०२० मध्ये हाच प्रश्न आकड्यांनी तपासला. वय जमेस धरल्यावर कृष्णवर्णीय पुरुषांचा कोरोनाने मरण्याचा धोका गोऱ्या पुरुषांच्या ४.२ पट होता. वस्ती, घर, शिक्षण, आर्थिक स्थिती, आधीचे आजारपण हे सगळे हिशेबात घेतल्यावर तो १.९ पटीवर आला. मोठा भाग परिस्थितीने समजला, पण जवळजवळ दुप्पट धोका तरीही उरला. बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या पुरुषांतही अशीच शिल्लक राहिली. ब्रिटनमध्ये कोरोनाने गेलेले पहिले दहा डॉक्टर अल्पसंख्य वंशांचे होते, ही बातमी तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक घरांत धास्तीने वाचली गेली असणार, कारण तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत इथून गेलेल्या डॉक्टरांच्या पिढ्या काम करत आल्या आहेत. डॉक्टर काही गरीब नसतो.

गरिबीने ज्याचा उलगडाच होत नाही अशी एक गोष्ट तर आपल्या घरांतही येऊन गेली आहे. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवतो आणि रक्ताने किती शोषला यावरून प्राणवायूचे प्रमाण सांगतो. त्वचेतले रंगद्रव्यही प्रकाश शोषते. यंत्राची जुळणी प्रामुख्याने उजळ त्वचेच्या माणसांवर केली असेल तर सावळ्या-काळ्या बोटावर आकडा खऱ्यापेक्षा चढा येऊ शकतो. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याचे मोजमाप दिले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रोहिणीतल्या रक्तात प्रत्यक्षात प्राणवायू ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. तिपटीहून जास्त. ज्या काळात खाट द्यायची की घरी पाठवायचे हे त्या एका आकड्यावर ठरत होते, त्या काळातली ही चूक आहे. २०२२ मधल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात आशियाई वंशाच्या रुग्णांतही आकडा चढा येतो असे दिसले, आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक रुग्णांना उपचाराची गरज आहे हे उशिरा लक्षात आल्याचे आढळले. सर्वांत खेदाची गोष्ट अशी की, हा दोष १९९० मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला होता. तीस वर्षे जाणकारांना तो ठाऊक होता. तो दूर करण्याची जबाबदारी कोणाच्याच अंगावर नव्हती.

लशीच्या बाबतीत तर लोकांनाच नको आहे, तर सरकार काय करणार, हा युक्तिवाद जोरात होता. टस्कीगीचे नाव प्रत्येक लेखात यायचे. अलाबामातल्या त्या गावात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून आजाराची वाटचाल पाहिली, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही. अविश्वासाला कारण होते आणि ते विसरण्यासारखे नाही. पण २०२१ च्या पहिल्या महिन्यांतल्या कमी लसीकरणाचे सगळे ओझे या इतिहासावर टाकले की इंटरनेटवरून मिळणारी वेळ, गाडीशिवाय न गाठता येणारे केंद्र आणि कामाच्या तासांतच उघडी असलेली खिडकी नजरेआड होते. फिलाडेल्फियात बालशल्यविशारद डॉ. एला स्टॅनफर्ड यांनी एप्रिल २०२० मध्ये कृष्णवर्णीय डॉक्टरांचा एक गट उभा केला आणि चर्चच्या वाहनतळांवर आधी तपासण्या, पुढे लसीकरण सुरू केले. तिथे रांगा लागल्या. लशीवर विश्वास नसलेली म्हणून ठरवलेलीच ही माणसे होती. २०२२ पर्यंत देशपातळीवरही कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या लसीकरणातले अंतर बरेचसे मिटले होते.

मिशिगनचे उदाहरण याहून थेट आहे. तिथल्या सरकारने एप्रिल २०२० मध्ये उपराज्यपाल गार्लिन गिलख्रिस्ट यांच्या अध्यक्षतेखाली वांशिक तफावतीसाठी कृतिदल नेमले. फिरती तपासणी केंद्रे, मुखपट्ट्यांचे वाटप, नोंदींत वंश लिहिण्याची सक्ती, अशी साधी आणि मोजता येणारी कामे. साथीच्या पहिल्या दोन महिन्यांत राज्यातल्या मृतांमध्ये कृष्णवर्णीयांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता, तो सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत १० टक्क्यांच्या आसपास आला. याचे सगळे श्रेय कृतिदलाला देणे बरोबर होणार नाही. तोवर साथ कृष्णवर्णीयबहुल डेट्रॉइट शहराबाहेर पसरून इतरांनाही गाठत होती, त्यामुळे वाटा तसाही घटलाच असता. पण एक गोष्ट पक्की आहे. तिथे आकडा एका माणसाच्या टेबलावर, उत्तर देण्याच्या जबाबदारीसह येत होता. लोकांच्या सहानुभूतीची वाट पाहत तो हवेत सोडलेला नव्हता. मूत्रपिंडाच्या बाबतीतही हेच झाले. मूत्रपिंड किती काम करते हे काढण्याच्या सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णासाठी वेगळा गुणक होता आणि त्याने त्यांची मूत्रपिंडे कागदावर खऱ्यापेक्षा चांगली दिसत. २०२१ मध्ये वंश वगळून नवे सूत्र आले आणि पुढे प्रत्यारोपणाच्या यादीत जुन्या सूत्राने मागे पडलेल्या हजारो रुग्णांना हिरावलेला प्रतीक्षाकाळ परत जोडून दिला गेला. त्यासाठी कोट्यवधी गोऱ्या नागरिकांचे मन वळवण्याची गरज पडली नाही.

हिशेब मागायचा तर आधी मोजणी हवी. वंश किंवा जात नोंदवली की भेद वाढतो, असे म्हणणाऱ्यांसमोर मी मुंबईचा १९१८ चा इन्फ्लुएंझा ठेवीन. त्या साथीत शहरात दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, इतर हिंदूंत १८.९ आणि ज्यांना तेव्हाच्या कागदपत्रांत ‘हलक्या जातींचे हिंदू’ म्हटले आहे त्यांच्यात ६१.६ होते. गिरणगावातल्या खोल्यांत आणि झाडूवाल्यांच्या वस्त्यांत काय झाले हे शंभर वर्षांनी आपल्याला कळते, ते परक्या सरकारच्या आरोग्य खात्याने ते समाजवार लिहून ठेवले म्हणून. कोरोनाच्या दोन लाटांत स्मशानातले आणि सफाईतले कामगार, त्यांच्या घरातली माणसे इतरांपेक्षा जास्त मेली का, याचे उत्तर भारताच्या प्रसिद्ध झालेल्या अधिकृत आकड्यांत नाही. तिथे वय आहे, लिंग आहे, जिल्हा आहे, जात नाही. भेद त्यामुळे कमी झाला असे म्हणायला कोणताही आधार नाही.

ऑक्सिमीटरच्या बाबतीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये आधी सावधगिरीचा इशारा काढला. ब्रिटनने नेमलेल्या मार्गारेट व्हाइटहेड समितीचा वैद्यकीय उपकरणांतल्या अशा दोषांवरचा अहवाल मार्च २०२४ मध्ये आला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने वैद्यकीय वापराच्या ऑक्सिमीटरसाठी नव्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला. यंत्राची चाचणी आता जास्त माणसांवर आणि त्वचेच्या वेगवेगळ्या छटांवर करून दाखवावी, अशी त्यात अपेक्षा आहे. दुकानात सर्वसाधारण आरोग्यासाठी म्हणून विकली जाणारी यंत्रे त्या कक्षेबाहेर आहेत. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके हेच यंत्र घेऊन घरोघर फिरली. आशा सेविकांनी लाखो बोटांना ते लावले, आणि ९५ आहे, काळजी नको, असे सांगितले. ती बोटे बहुतेक सावळी होती. पुढच्या वेळी आरोग्य खाते किंवा महापालिका अशी यंत्रे खरेदी करील, तेव्हा ती कोणत्या रंगाच्या त्वचेवर तपासली आहेत याचा पुरावा उत्पादकाने जोडावा, अशी एक अट निविदेत घालता येते. ती घातली आहे का, हे माहितीच्या अधिकारात कोणालाही विचारता येते.